कोणाले इकले?

तेवीस वर्षं मी एका अल्बमवर अन्याय केला. जेथ्रो टल या इंग्रज बॅंडचा 'हेवी हॉर्सेस', एप्रिल १९७८ मधला. अकोल्या-अमरावतीत असलं संगीत ऐकणारी माणसं शोधून काढावी लागत. जी सापडली त्या सगळ्यांना मी एकच सांगत आलो, की या बॅंडचं १९७३ पर्यंतचं ऐका आणि पुढचं सोडून द्या, पुढे ही मंडळी खेड्यात जाऊन बसली. ऐकणाऱ्यांनी माझं ऐकलंही. त्यांतले दोघे आता या जगात नाहीत. त्यांना मी चुकीचं सांगितलं होतं, हे आता त्यांच्यापर्यंत पोहोचवता येणार नाही. म्हणून निदान लिहून ठेवतो.

मी कौंडण्यपूरचा. वर्धा नदीच्या काठावरचं, तिवसा तालुक्यातलं हे गाव म्हणजे रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्ण आमच्याकडे देव आहे आणि गावाचा जावईही आहे. रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला पायी जाते, त्याला चारशे वर्षांहून जास्त काळ लोटला. आमचं बारा एकर वावर नदीपासून थोडं आत. ज्वारी, तूर, कपाशी, आणि गोठ्यात एक बैलजोडी. लहानपणी मला या सगळ्याचा कंटाळा होता. शेणाचा, ढेपेचा, पहाटेच्या घुंगरांचा. ही गोष्ट मी कधी कोणाजवळ बोललो नव्हतो. पुढच्या सगळ्याचं मूळ तिच्यात आहे, म्हणून ती आधी सांगतो.

१९८३ साली मी अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकायला गेलो. कृषिविद्येच्या पहिल्या काही तासांतच वहीत एक ओळ उतरवली: मशागतीचा जनक जेथ्रो टल, इंग्लंड, पेरणी यंत्र, १७०१. शेतकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही ओळ पाठ केलेली असते, कारण परीक्षेत ती हमखास येते. त्याच महिन्यात हॉस्टेलवर मुंबईहून आलेल्या एका मुलाच्या खाटेवर मला एक कॅसेट दिसली. कडेला तेच नाव. मी त्याला विचारलं, हा तोच का? त्याला तो शेतकरी माहीत नव्हता, मला हा बॅंड माहीत नव्हता. पुढे कळलं, की १९६८ च्या सुरुवातीला ही पोरं दर आठवड्याला नाव बदलून लंडनच्या क्लबांत वाजवत असत, म्हणजे मागच्या वेळी नापसंत केलेल्या मालकाला ओळख पटू नये. त्यांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या कचेरीत इतिहासाची आवड असलेला एक माणूस होता, त्याने हे नाव सुचवलं. मार्की क्लबवाल्यांनी नेमकं या नावाच्या बॅंडला पुन्हा बोलावलं, आणि नाव चिकटलं. पहिल्या रेकॉर्डवर तर ते चुकीचं छापलं गेलं होतं.

ती कॅसेट 'थिक ॲज अ ब्रिक' ची होती. १९७२ चा अल्बम, आणि त्यात गाणं एकच. त्रेचाळीस मिनिटांहून जास्त चालणारं. मधे कॅसेट उलटायची आणि गाणं जिथे थांबलं तिथून पुढे धरायचं. त्याआधीच्या 'ॲक्वालंग' ला समीक्षकांनी 'एकसूत्री अल्बम' म्हटलं, ते बॅंडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन याला पटलं नव्हतं. मग तो म्हणाला, एकसूत्री हवा ना, घ्या. जेराल्ड बॉस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने लिहिलेली दीर्घ कविता, अशी बतावणी. मुलगाही कल्पित. मूळ रेकॉर्डचं वेष्टन म्हणजे गावच्या बातम्यांनी भरलेलं बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. आमच्याकडे त्यातलं फक्त पहिलं पान, तेही झेरॉक्स.

सुरुवातीला साधी गिटार आणि बासरी. मग जॉन एव्हनचा ऑर्गन आत येतो आणि जमीन हलते. ताल पाच मात्रांचा की सहाचा हे मोजेपर्यंत तो बदललेला असतो. बॅरीमोर बार्लोचा ड्रम एका वळणावर थांबतो, सगळे थांबतात, आणि दहा मिनिटांपूर्वी ऐकलेली ओळ वेगळ्याच कपड्यांत परत येते. बासरी अशी, की फुंकताफुंकता माणूस आतल्या आत गुरगुरतोय. सुटीत मी या बासरीवाल्याचं एक चित्र घरी नेलं, तर मायने विचारलं, "हा एका पायावर कायले उभा हाय?" मी म्हटलं, तो असाच वाजवतो. ती म्हणाली, "आपला जावई बी तसाच उभा राह्यते." आणि ती कामाला लागली.

तीन वर्षं मी दुसरं फारसं काही ऐकलं नाही. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड अशा नावांच्या कॅसेटी खोल्याखोल्यांतून फिरत. प्रोग्रेसिव्ह रॉक हा शब्द आम्ही मोठ्या अभिमानाने उच्चारायचो. या संगीतात आमच्या घरासारखं काहीही नव्हतं, आणि माझं त्याच्यावर प्रेम जडलं ते यामुळेच. गुंतागुंत जितकी जास्त तितका मी कौंडण्यपूरपासून लांब. तेव्हा मी याला अभिरुची म्हणत होतो.

आणि १९८६ मध्ये 'हेवी हॉर्सेस' हाती आला. वेष्टनावर अँडरसन दोन थोराड घोड्यांना लगामाला धरून चालवतोय. नऊ गाणी. एक उंदरांवर पहारा देणाऱ्या मांजरीचं, एक कुत्र्याचं, एक तपकिरी उंदराचं, एक पतंगांचं, एक छपरावरच्या वातकुक्कुटाचं. शीर्षकगीत नांगर ओढणाऱ्या घोड्यांचं. मी एक बाजू पूर्ण ऐकली, दुसरी अर्धी, आणि कॅसेट परत केली. वातकुक्कुट सोडला तर हे सगळं आमच्या गोठ्यात होतं! यासाठी मी इतक्या लांब आलो होतो का?

मित्रांना मात्र वेगळीच कारणं सांगितली. रचना सोप्या झाल्या, धाडस संपलं, लोकगीतांच्या वळणाने बाजार सांभाळला. आणि सगळ्यात खात्रीने सांगितलेलं कारण म्हणजे, हा शहरी माणसाचा गावाचा पुळका आहे. अँडरसनचा जन्म १९४७ चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. एडिंबरात वाढला आणि नंतर ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या शहरात. त्याने कधी वखर धरलाय? हा प्रश्न मी इतक्या ठिकाणी विचारला, की मलाच तो खरा वाटायला लागला.

शिक्षण संपल्यावर मी बॅंकेत कृषी अधिकारी झालो. सातबारा, आठ-अ, कोटेशन, जामीनदार. माझ्या नोकरीच्या काळात मी किती ट्रॅक्टरांच्या कर्जप्रकरणांवर सही केली याचा हिशोब माझ्याकडे नाही, पण ती संख्या शेकड्यांत असणार. मी ते चांगलं काम समजून केलं, आणि बरंचसं ते चांगलंच होतं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीत वाफसा थोडेच दिवस टिकतो. त्यात बारा एकर पेरून काढायचं तर बैलांनी माणूस रडकुंडीला येतो. १९९४ साली हा बॅंड मुंबईत वाजवायला आला तेव्हा मला जाता आलं नाही, वसुलीचे दिवस होते. पण मुंबईला गेलो की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये एक चक्कर ठरलेली. जुन्या कॅसेटींच्या जागी सीडी आल्या. 'हेवी हॉर्सेस' ही घेतली, ती केवळ संच पुरा व्हावा म्हणून. तिचं प्लॅस्टिकचं वेष्टनही मी फोडलं नव्हतं.

घरी बाबांनी बैल ठेवले होते. मोत्या आणि पाखऱ्या. गवळाऊ जातीचे, पांढरे, अंगाने हलके आणि पायाने तेज. या जातीचं मूळ आमच्या समोरच्याच काठावर, आर्वी, आष्टी, कारंजा या भागात. तिकडे हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रही आहे. पण बैल ठेवणं कठीण होत गेलं. ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं आणि घरचा कडबा संपला. सोयाबीनच्या कुटाराला ज्वारीच्या कडब्याची सर नाही. सालदार मिळेना. बाबांचे गुडघे गेले. मी दर सुटीत एकच सांगायचो, विकून टाका. बॅंकेत लोकांना समजावायचो त्याच आवाजात.

२००९ च्या उन्हाळ्यात ते राजी झाले. बाजारात व्यापाऱ्याने रुमालाखाली बाबांची बोटं दाबून भाव केला. मी बाजूला उभा होतो आणि मला त्या बोटांचं गणित येत नव्हतं. पैसे मोजून घेतले. कासरे मात्र बाबांनी सोडून घेतले, हातावर गुंडाळले आणि घरी आणले. वाटेत ते काही बोलले नाहीत. कुऱ्ह्याला चहा घेतला तेव्हा फक्त म्हणाले, "पाखऱ्याले उजव्या अंगानं पानी पाजा लागते. सांगाचं राह्यलं."

त्या रात्री मी अंगणात खाटेवर पडलो होतो. गोठ्यातून काहीच आवाज येत नव्हता. झोप येईना, म्हणून पिशवीतली सीडी काढली. संचातली न फोडलेली तीच होती. हाताला आली, की मी निवडली, हे आज मला सांगता येणार नाही. छोट्या सीडी प्लेयरवर शीर्षकगीत लावलं. जवळजवळ नऊ मिनिटांचं गाणं. आधी आवाज अगदी जवळ, सावकाश. मग पावलं पडायला लागतात. बार्लो ड्रम असा वाजवतो की प्रत्येक ठोका जमिनीत थोडा रुततो, भरली बंडी चढावर ओढताना बैल खूर रोवतात तसा. डेव्हिड पामरने बांधलेली तंतुवाद्यं मागून ढकलत येतात. अँडरसन त्या जातींची नावं घेतो, सफोक, क्लाइड्सडेल, पर्शरॉन. गावातली जाणती माणसं बैलांच्या जाती सांगताना घेतात, तेवढ्याच आदराने. मधे एकदम चाल बदलते. डॅरिल वेचं व्हायोलिन उधळतं, घोडी मोकळी सुटतात, आणि पुन्हा तीच जड पावलं. हे धाडस नव्हतं तर काय होतं? 'थिक ॲज अ ब्रिक' मध्ये ताल बदलला की मला त्या वादकांचं कौतुक वाटायचं. इथे ताल बदलला तेव्हा मला ते जनावर दिसलं.

बाबा जागेच होते. ओसरीवरून त्यांनी विचारलं, "हे कायचं गानं होय रे?"

"घोड्यायचं, बाबा. तिकडं विलायतेत घोडे नांगर ओढत. मंग ट्रॅक्टर आले."

"मंग? इकले त्यायनं घोडे?"

"इकले."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. गाणं संपलं होतं. मग म्हणाले, "कोणाले इकले, ते नाही सांगत काय गान्यात?"

ज्याने बैल विकलाय त्यालाच हा प्रश्न पडतो. शेतकऱ्याला विकला की व्यापाऱ्याला, आणि व्यापाऱ्याने पुढे कुठे नेला. गाण्यात त्याचं उत्तर नाही. गाण्यात जातीचा वंश टिकावा म्हणून घोडी शोधायची गोष्ट आहे, आणि एक दिवस तेल संपेल तेव्हा लोक या जनावरांकडे परत येतील अशी आशा आहे. ही आशा मला पूर्वी भाबडी वाटायची. पण १९६६ साली इंग्लंडमध्ये सफोक जातीची अवघी नऊ शिंगरं नोंदली गेली होती. ज्याला तो आकडा माहीत आहे, तो याहून वेगळं काय गाईल? माझी सही असलेल्या कागदांनी किती गोठे रिकामे झाले हा हिशोब मी त्या रात्री पहिल्यांदा करायला घेतला. तो अजून पुरा झालेला नाही.

तिथून माझं ऐकणं बदललं. उंदराचं गाणं रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ च्या एका कवितेवरून सुचलेलं आहे. नांगराच्या फाळाने उंदराचं बीळ उद्ध्वस्त होतं आणि शेतकरी थांबून त्या उंदराशी बोलतो. तूर काढताना उंदराचं घर उघडं पडलं की माय विळा बाजूला ठेवायची, हे मी विसरलो होतो. 'जर्नीमन' मध्ये शेवटच्या गाडीने घरी निघालेला नोकरदार आहे, तो मी होतो. शहरी माणसाच्या पुळक्याचं माझं लाडकं कारणही गळून पडलं. हा अल्बम आला त्याच वर्षी अँडरसनने स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जमीन घेतली आणि पुढे बरीच वर्षं सामन माशांची शेती केली. तो बाहेरून गावात आला होता, हे खरं. पण मी कोण होतो? बैल पाण्याला कोणत्या अंगाने जातो हे मला माहीत नव्हतं आणि तीस वर्षं मी त्याच घरचा मुलगा म्हणवत होतो.

मग मूळ जेथ्रो टलकडे वळलो, ज्याला मी एका ओळीत पाठ करून सोडून दिलं होतं. हा माणूस ऑर्गन वाजवणारा होता. त्याच्या पेरणी यंत्राचं मर्म त्याला ऑर्गनच्या हवापेटीतल्या खाच, जीभ आणि स्प्रिंग यांच्या रचनेवरून सुचलं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. वाद्यातून निघालेलं शेतीचं अवजार! ते एका वेळी तीन ओळी पेरायचं. आमची तिफणही तीन फणांचीच. त्याचा दुसरा आग्रह असा, की ओळींमधली जमीन घोड्यांकडून पुन्हापुन्हा ढवळून घ्या. याला आम्ही डवरणी म्हणतो, आणि ती सांगायला आमच्याकडे कोणाला पुस्तक लिहावं लागलं नाही. १७९० च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात अशी पेरणी पाहिली आणि लिहिलं, की पाभर ही युरोपातली अलीकडची युक्ती आहे असंच तोवर तो समजत होता. टल पाठ करणाऱ्या आमच्या वर्गात बहुतेकांच्या घरी गोठ्यावर तिफण टांगलेली होती. ती त्याच्याहून जुनी आहे, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता सगळ्यांच्या ओठावर होती, तीही मी गाणं म्हणून ऐकली आणि सोडून दिली.

'थिक ॲज अ ब्रिक' वरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. आजही वर्षातून दोनदा तरी मी ते सलग ऐकतो. पण ते मी ज्या कारणासाठी इतकं वर ठेवलं होतं, ते कारण खोटं होतं. बैलांचं सगळंच गोड होतं असंही मी म्हणणार नाही. सालदाराची रात्र गोठ्यात जायची, आणि शेण काढता काढता मायची कंबर गेली. ट्रॅक्टरने जे सुटलं ते खरंच सुटलं. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी राहतात, आणि एकीने दुसरीला मी आता हटवत नाही.

अँडरसनबद्दलची एक गोष्ट मला या सगळ्यात धीर देते. वीसहून जास्त वर्षं बासरी वाजवल्यावर, त्याची मुलगी शाळेत बासरी शिकायला लागली तेव्हा त्याला कळलं, की आपण बोटं चुकीची ठेवत आलो. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतली.

२०१८ साली स्टीव्हन विल्सनने 'हेवी हॉर्सेस' हा अल्बम नव्याने मिसळून काढला. त्या आवृत्तीचं नावच 'नव्या नाला' असं आहे. मी ती मागवली, पण ऐकवायला बाबा नव्हते. ते २०१६ च्या पोळ्यानंतर गेले. त्या पोळ्याला त्यांनी, गोठ्यात कोणी नसताना, आदल्या संध्याकाळी वाटीत लोणी आणि हळद कालवून ठेवली होती. खांदे शेकायला. सकाळी ती वाटी आम्हाला तशीच सापडली.

निवृत्तीनंतर मी महिन्यातले पंधरा दिवस गावी असतो. गेल्या मृगात धुऱ्याकडच्या दीड एकरात, जिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही, शेजाऱ्याची जोडी भाड्याने आणून ज्वारी पेरली. घरची तिफण काढली, चाडं धुतलं, दोर बदलले. चाड्यावर मूठ धरायला शेजारच्या काकू होत्या. त्यांनी चार तासं पेरली आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी धरून पाहा." मी धरली. बैल चालत होते, मी मागून चालत होतो, आणि बोटांतून दाणे सुटत होते. तास संपायच्या आत काकू म्हणाल्या, "मूठ सैल हाय भाऊ. आवळा."

पुढच्या तासाला मी मूठ आवळली. पंधरा दिवसांनी पाहिलं तर तो पहिला तास दाट उगवला होता, रोपाला रोप चिकटून. विरळणीला बाई सांगितली नाही. उकिडवा बसून मीच विरळला.